कुंकवाला कोणता करडा?

भिवंडीहून वाड्याकडे निघालेल्या माणसाला अंबाडीच्या नाक्यावर वज्रेश्वरीचा फाटा लागतो, आणि त्या बाजूला श्रावणाच्या सुमारास हिरव्या भातखाचरांच्या मधोमध तांबड्या कौलांची घरे अशी काही उठून दिसतात की, ज्याच्या गळ्यात कॅमेरा आहे त्याचा हात आपसूक तिकडे जावा. हा मनुष्य कृष्णधवल छायाचित्रणाचा शौकीन असेल, तर घरी गेल्यावर संगणकावर त्या चित्रातील रंग तो एका कळीसरशी काढून टाकतो, आणि पाहतो तो काय, कौले आणि भात यांत काडीचाही भेद उरलेला नाही. दोहोंवर एकच मळकट करडी कळा आलेली आहे. मग तो दोष कधी ढगाळ हवेला देतो, कधी कॅमेऱ्याला, आणि अखेर जुन्या फिल्मची सर डिजिटल यंत्राला यावयाची नाही, असा निवाडा करून मोकळा होतो. वस्तुतः यात कसूर ना हवेची, ना यंत्राची. रंग काढला की कृष्णधवल चित्र आपोआप तयार होते, ही जी सार्वत्रिक समजूत, तिचेच हे फळ होय.

प्रथम यंत्राची कैफियत ऐकून घेऊ. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाला रंग मुळी दिसतच नाहीत. सिलिकॉनची ती लक्षावधी सूक्ष्म कोष्ठके आपल्यावर प्रकाश किती पडला एवढेच मोजतात; तो तांबडा की निळा, याची त्यांना दखल नसते. कोडॅकमधील शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांच्या योजनेनुसार, जिचे पेटंट १९७६ साली मंजूर झाले, या कोष्ठकांवर रंगीत गाळण्यांची जाळी बसविलेली असते: निम्म्यांवर हिरवी, पाव हिश्शावर तांबडी आणि उरलेल्या पाव हिश्शावर निळी, आणि मग शेजारपाजारच्या कोष्ठकांची साक्ष काढून प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग गणिताने ठरविले जातात. म्हणजे रंगीत चित्र हीच यंत्राने मागाहून केलेली रचना आहे. कृष्णधवल चित्राला रंगीत चित्राचे दारिद्र्य मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता कौलांचा आणि भाताचा हिशेब. प्रत्येक बिंदूच्या ठिकाणी तांबडा, हिरवा आणि निळा यांचे मान ० ते २५५ या श्रेणीत नोंदलेले असते. समजा, कौलाचे आकडे अनुक्रमे १८०, ९० आणि ६०. भाताच्या पातीचे ९०, १४० आणि ५०. मानवी दृष्टी हिरव्याला सर्वाधिक आणि निळ्याला सर्वांत कमी दाद देते, म्हणून दूरचित्रवाणीच्या काळापासून चालत आलेला एक शिरस्ता असा की, करडा ठरविताना तांबड्याला सुमारे ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन द्यावे. या शिरस्त्याने बेरीज केली तर कौलाला ११४ येतात आणि भाताला ११५. डोळ्याला जे दोन पदार्थ परस्परविरोधी वाटत होते, ते कागदावर सख्खे भाऊ निघाले. तेच केवळ तांबड्याचा भाग घेतला, तर कौले १८० वर जाऊन उजळतात आणि भात ९० वर उतरून गडद होतो. केवळ हिरव्याचा घेतला, तर प्रकार नेमका उलट. यांपैकी कोणते चित्र खरे, हा प्रश्नच गैरलागू आहे. चॅनल मिक्सर नावाची जी सोय बहुतेक संगणकीय प्रणालींत असते, ती हीच वजने आपल्या हाती देते, आणि तिचा उपयोग न करणे म्हणजे आपली मुखत्यारी कोणा अज्ञात कारकुनाच्या स्वाधीन करणे होय.

जुनी फिल्म प्रामाणिक होती आणि संगणकावरची ही फिरवाफिरवी अप्रामाणिक, असा एक आक्षेप वडीलधाऱ्यांकडून हटकून येतो. वजने फिल्मलाही होती. ती फक्त कारखान्यात ठरून येत आणि ग्राहकाला त्यांचा पत्ता नसे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, त्या काळातील कलोडियनच्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच काय ती दाद देत. तांबड्याच्या बाबतीत त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. परिणामी निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे येई आणि तांबडी वस्तू काळीठिक्कर. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनज्ञाने द्रावणात रंजकद्रव्ये मिसळून काचेला हिरव्या प्रकाशाची जाणीव करून दिली, आणि सर्व रंगांना दाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म त्यानंतर पुष्कळ उशिराने प्रचारात आली. म्हणून जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत पणजीच्या कपाळावरचे कुंकू शाईच्या ठिपक्यासारखे काळे दिसले, तर ते बहुधा त्या काचेचे मत समजावे.

कुंकवाचा हा मामला आजही मिटलेला नाही. सावळ्या किंवा गव्हाळ वर्णाच्या चेहऱ्याचे चित्र घेऊन त्यात तांबड्याचे वजन वाढविले, की त्वचा नितळ होते, वांग आणि सुरकुत्या विरळ होतात, आणि हौशी छायाचित्रकार हरखून जातो. परंतु त्वचेत आणि कुंकवात तांबड्याचे मान जवळजवळ सारखे असल्यामुळे त्याच सरशी कुंकूही पुसले जाते, आणि बाईसाहेबांच्या घरी ते चित्र दाखविण्याची सोय राहत नाही. हिरव्याचे वजन वाढविले तर कुंकू ठसठशीत उमटते, मात्र वांगही उमटतो. प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ या नावाचा बोलपट काढला आणि महाराष्ट्राने तो करड्या छटांत पाहूनही त्यातील कुंकवाविषयी कोणाला शंका आली नाही, हे खरे. पण प्रत्येक चेहऱ्याला शांता आपटे यांच्या अभिनयाचा आधार नसतो. शेंदराची गत याहून मौजेची. शेतबांधावरचा शेंदूर फासलेला देव तांबड्याच्या वजनाने चुना लावल्यासारखा पांढरा होतो, आणि निळ्याच्या वजनाने डांबरासारखा काळा.

कॅमेऱ्यातच मोनोक्रोम निवडले तर रंग कायमचे जातात, ही भीती अर्धीच खरी आहे. चित्र जेपेग स्वरूपात साठविले तर ते खरोखरच जातात, आणि वजने पुन्हा ठरविण्याची मुभा उरत नाही. रॉ स्वरूपात साठविले तर मूळ दफ्तर शाबूत राहते, आणि मोनोक्रोमचा हुकूम फक्त पडद्यावरच्या दृश्याला लागू होतो. माझ्या मते दोन्हींचा मेळ घालणे इष्ट: डोळ्यापुढे करडे दृश्य, आणि पोटात सगळा तपशील. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. निळ्या आकाशाला गडद करताना जेपेगवर जे पट्टे उमटतात, त्यांचे मूळ बहुधा या कंजूषपणात असते.

आता प्रकाश मोजण्यातील फसगत पाहण्यासाठी वज्रेश्वरीच्या मंदिराकडे वळू. वसईच्या १७३९ मधील विजयानंतर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी बांधविलेल्या या किल्लेवजा वास्तूचा काळा पाषाण चौकटभर घेतला, की प्रकाशमापक त्याला मध्यम करडा समजून चित्र नको तितके उजळ करतो. तेथे प्रकाश थोडा कमी करणे भाग आहे. त्याच दारावर झेंडूचे तोरण असेल तर सावधगिरी दुप्पट हवी. प्रकाशाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) सुरक्षित दिसत असतानाही झेंडूतील तांबडा भाग आधीच ओसंडून गेलेला असतो, आणि नंतर तांबड्याचे वजन वाढविताच पाकळ्यांच्या जागी पांढरे डाग उरतात. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख निरनिराळे पाहावेत.

आकाश गडद करण्यासाठी भिंगावर तांबडी काच लावावी, हा फिल्मच्या काळातील पक्का सल्ला डिजिटल यंत्रावर मात्र अंगाशी येतो. कारण तांबड्या जाळीखालच्या पाव कोष्ठकांनाच पुरेसा प्रकाश मिळतो, बाकीची उपाशी राहतात, आणि चित्रात खरखर वाढते. हेच काम मागाहून वजने बदलून होते. अर्थात आकाश मुळात निळे असले तर. आषाढातल्या अंबाडीवरचे आभाळ स्वतःच करडे असते, त्याला कोणतीही काच आणि कोणतेही वजन नाट्यमय करू शकत नाही. त्यासाठी आश्विनापर्यंत थांबावे.

मात्र एक काच अशी आहे की जिची बदली संगणक करू शकत नाही, ती ध्रुवक (पोलरायझर). आवणीच्या दिवसांत पाण्याने भरलेल्या खाचरांवर आभाळाची पांढरी चमक पसरते आणि तिच्याखालचा चिखल व रोपांच्या मुळाशी असलेल्या काळ्या रेषा झाकून टाकते. पाण्याशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहत ध्रुवक फिरविला, तर ती चमक बहुतांशी नाहीशी होते. जे मुळात नोंदलेच गेले नाही ते घरी बसून काढता येत नाही, तेव्हा हा निर्णय बांधावर उभे असतानाच घ्यावा लागतो.