लायनहार्टचा सूड आणि आमचा काका

परीक्षकाचा गळा धरावा असं तुम्हाला कधी वाटलंय? आमच्या घरात एकाला वाटलं होतं.

काका पेडण्यातल्या आमच्या हौशी नाटक मंडळात होता. मी शाळेत असताना एका स्पर्धेत परीक्षकाने त्याच्याबद्दल दोनच शब्द लिहिले, 'अभिनय भडक'. त्यानंतर काकाने तोंडाला रंग लावला नाही.

परवा सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्याला मुद्दाम 'थिएटर ऑफ ब्लड' दाखवला. १९७३ चा हा ब्रिटिश सिनेमा. व्हिन्सेंट प्राइस यात एडवर्ड लायनहार्ट हा नट झालाय. आयुष्यभर शेक्सपिअर केलेल्या या नटाला समीक्षक पुरस्कार नाकारतात. तो थेम्स नदीत उडी मारतो, सगळे त्याला मेला समजतात. पण नदीकाठचे भिकारी त्याला वाचवतात आणि मग तो एकेका समीक्षकाला शेक्सपिअरच्या नाटकातल्या पद्धतीने मारत सुटतो. एकाचा 'ज्युलियस सीझर'सारखा भोसकून खून, तर एकाला 'टायटस'सारखं त्याच्याच लाडक्या कुत्र्यांचं मांस खायला घालणं. किळस येते आणि हसूही आवरत नाही. लहान मुलं झोपल्यावरच बघा!

बघताना मला सारखा 'नटसम्राट' आठवत होता. कुसुमाग्रजांचं हे नाटक १९७० साली रंगमंचावर आलं, त्यात डॉ. श्रीराम लागू नटसम्राट झाले होते. गणपतराव बेलवलकरांनाही शेवटी आधार मिळतो तो रस्त्यावरच्या बूटपॉलिशवाल्या पोराचा. दोन्ही नटांच्या शोकांतिकेमागे 'किंग लिअर' उभा आहे. फरक एवढाच की बेलवलकर आतल्या आत जळतात आणि लायनहार्ट थिएटरच जाळतो.

शेवटी वाचलेला एकमेव समीक्षक मेलेल्या लायनहार्टवरही शेरा मारतो. अभिनय जरा जास्तच होता, पण एक्झिट मात्र जमली! काका खो खो हसला. मग म्हणाला, "माझा पण भडकच होता रे. दशावतारातून गेलेलो ना मी."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. पेडणे-डिचोलीच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारात आख्यानाची लिखित संहिता नसते. राजाचा आवाज मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायला हवा. संवाद रंगला तर टाळी तिथेच, फसला तर चुळबुळही तिथेच. तिथे जो गुण, तोच बंद नाट्यगृहात दोष ठरला. हे त्याला तेव्हा कुणी समजावून सांगितलंच नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा कोड रोज कुणीतरी तपासतं. नुसतं 'वाईट' लिहिलं तर काहीच सुधारत नाही. कुठे आणि का, ते लिहावं लागतं. तेव्हा मुलांच्या गॅदरिंगला किंवा मंडळाच्या नाटकाला मत देताना दोन शब्दांवर थांबू नका. समोरचा लायनहार्ट होणार नाही, पण काकासारखा गप्प बसू शकतो.

निघताना विचारलं, "यंदा जत्रेला राजपार्ट करशील?" काका हो म्हणाला नाही. एवढंच विचारलं, "पेटी कोण वाजयतलो?"