वाताशय कृमी

अहीर (ईल) माशाच्या वाताशयात राहून त्याचे रक्त शोषणारा एक परजीवी सूत्रकृमी. अँग्विलिकोलिडी कुलातील या कृमीचे शास्त्रीय नाव अँग्विलिकोला क्रॅसस असे आहे. तो मूळचा पूर्व आशियातील असून जपानी अहीर हा त्याचा स्वाभाविक पोषक होय. त्याचे प्रथम वर्णन १९७४ मध्ये झाले.

मादीच्या अंड्यांत डिंभ तयार झालेले असतात. ती वायुनलिकेतून अन्नमार्गात येतात व विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. डिंभ अरित्रपाद (कोपेपोडा) गटातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांकडून खाल्ले जातात व त्यांच्या शरीरात तिसऱ्या अवस्थेस पोहोचतात. हे प्राणी किंवा ते खाल्लेले लहान मासे अहिराने गिळल्यास डिंभ आतड्याची भित्ती भेदून वाताशयात शिरतात व तेथे प्रौढ होतात.

जिवंत अहिरांच्या व्यापारातून हा कृमी यूरोपात पोहोचला. १९८२ मध्ये तो जर्मनीत आढळला. उत्तर अमेरिकेत त्याची पहिली नोंद १९९५ मध्ये टेक्सस राज्यात झाली. जपानी अहिरास त्याचा उपद्रव कमी होतो. यूरोपीय अहिरात मात्र वाताशयाची भित्ती जाड होते, रक्तस्राव होतो व वाताशय निकामीही होतो. प्रजननासाठी सारगॅसो समुद्रापर्यंत हजारो किमी. पोहत जाणाऱ्या व वाटेत रोज खोली बदलणाऱ्या या माशास हे घातक ठरते. २००८ मध्ये यूरोपीय अहिराची अतिसंकटग्रस्त जाती म्हणून नोंद झाली. धरणे, अतिमासेमारी व प्रदूषण यांबरोबर हा कृमीही त्याच्या ऱ्हासाचे एक संभाव्य कारण मानला जातो. नैसर्गिक जलाशयांतून त्याचे निर्मूलन करणे दुष्कर असल्याने जिवंत माशांच्या वाहतुकीवरील नियंत्रण महत्त्वाचे ठरते.