पुढे किती, मागे किती?

पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा नोझल हातात घेऊन एवढंच विचारतो, ‘किती टाकू?’ उत्तर बहुतेकांचं ठरलेलं असतं, ‘चारी चाकांत पस्तीस.’ गाडी जरा स्पोर्टी असेल, तर आकडा आणखी दोन-तीनने वाढतो. कारण टायर जितका कडक तितकी गाडी चपळ, असा समज पक्का बसला आहे. हा समज अर्धाच खरा आहे. चारी चाकांत सारखीच हवा हवी, हेही प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. टायरमधली हवा हा स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि ब्रेक यांच्याइतकाच गाडीच्या रचनेचा भाग आहे. बाकीचे भाग कारखान्यात पक्के होतात. हा एक दर महिन्याला मालकाच्या हाती येतो.

चार पोस्टकार्डांएवढा आधार

एक साधा हिशेब करू. बाराशे किलोची हॅचबॅक घेतली, तर प्रत्येक चाकावर सरासरी तीनशे किलो भार येतो. ३३ पीएसआय दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो. तीनशेला २.३ने भागलं, की उत्तर येतं जेमतेम १३० चौरस सेंटीमीटर. टायरच्या बाजूच्या भिंतीचा, म्हणजे साइडवॉलचा ताठपणाही थोडा भार पेलतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा इकडेतिकडे होतो. तरी रस्त्याला टेकलेला टायरचा ठसा साधारण एका पोस्टकार्डाएवढाच असतो. ब्रेक लावणं, वळणं, वेग घेणं हे सगळं अशा चार ठशांच्या जोरावर चालतं.

हवा कमी असली की ठसा पसरतो, पण भार टायरच्या दोन्ही कडांवर जातो आणि साइडवॉल जास्त वाकू लागते. हवा जास्त झाली की ठसा आक्रसतो आणि मधल्या पट्ट्यावर ताण येतो. झिजलेला टायर हे सगळं दाखवून देतो. मधोमध गुळगुळीत झालेला टायर बहुधा जास्त हवेवर चाललेला असतो, तर दोन्ही कडांना झिजलेला कमी हवेवर.

दोन-तीन पीएसआय वाढवल्यावर स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देतं, हा अनुभव खरा आहे. साइडवॉल कमी दबते, त्यामुळे चाक फिरवल्याबरोबर गाडीचं नाक वळतं. पण चटकन वळणं वेगळं आणि वळणात रस्ता धरून राहणं वेगळं. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. ती फार ताठ झाली, तर ठिगळं मारलेल्या रस्त्यावर चाक उसळतं आणि हवेत गेलेल्या चाकाला पकड नसते. गुळगुळीत डांबरावर चपळ वाटणारी गाडी खडबडीत घाटात त्यामुळेच बिथरते.

कॉर्वेअरचा धडा

पुढच्या आणि मागच्या आकड्यांत फरक का असतो, हे समजून घ्यायला शेवरोले कॉर्वेअरसारखं दुसरं उदाहरण नाही. जनरल मोटर्सने १९६०च्या मॉडेल वर्षासाठी ही गाडी अमेरिकेत आणली. हवेने थंड होणारं इंजिन मागे असल्यामुळे वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर होता. शिवाय मागच्या चाकांची जोडणी अशी होती, की जोरात वळताना बाहेरचं चाक आत दुमडू पाहायचं. कंपनीने टायर थंड असतानाचा दाब सांगितला होता पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय.

एवढी तफावत मुद्दाम ठेवलेली होती. गाडी वळताना टायरचं तोंड एका दिशेला असतं आणि तो प्रत्यक्षात किंचित बाहेरच्या दिशेने सरकत जातो. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. पुढच्या चाकांचा कोन मोठा असेल, तर गाडी कमी वळते आणि तिचं नाक वळणाबाहेर जाऊ लागतं. चालक आपसूक ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी सावरते. मागच्या चाकांचा कोन मोठा झाला, तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि ती गरकन फिरू शकते. कॉर्वेअरच्या अभियंत्यांनी पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवले, म्हणजे पुढचा कोन मोठा राहील. चारी चाकांत सारखी हवा भरली, की हा तोल मोडत असे.

ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी १९६५मध्ये ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गाडीवर लिहिलं आणि तिला धोकादायक ठरवलं. पुढे १९७२मध्ये अमेरिकी सरकारच्या तपासणीने, ही गाडी त्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. वाद तिथे मिटला की नाही, यावर आजही मतभेद आहेत. पण गाडीचा स्वभाव काही पीएसआयने बदलतो, हे दोन्ही बाजूंना मान्यच होतं.

आपल्याकडच्या बहुतेक स्पोर्टी हॅचबॅकचं इंजिन पुढे असतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. त्यामुळे वजनाचा मोठा वाटा पुढे असतो. अशा गाडीत मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं, की मागच्या टायरवरचा भार एकदम वाढतो. म्हणूनच चालकाच्या दाराजवळच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावलेल्या स्टिकरवर दोन ओळी असतात. एक दोघांसाठी, दुसरी भरलेल्या गाडीसाठी. टायरच्या अंगावर छापलेला आकडा मात्र त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो; तेवढी हवा भरायची नसते.

गरम हवेचा हिशेब

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली किंवा एक-दीड किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेली. बंदिस्त हवा तापली की तिचा दाब वाढतो. ३३ पीएसआयच्या टायरमध्ये दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआयची वाढ होते. सकाळी तीस अंशांना ३३ भरून निघालात आणि द्रुतगती मार्गावर टायरमधली हवा पंचावन्न अंशांवर गेली, तर मीटर ३७ दाखवेल. ‘जास्त झाली’ म्हणून पंपावर चार पीएसआय सोडून दिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २९च उरतील. मे महिन्यात चाळीस अंशांना भरलेली हवा डिसेंबरच्या दहा अंशांच्या पहाटे साडेचार पीएसआयने उतरते, तीही थेंबभर न गळता. नायट्रोजन भरला तरी हा नियम चुकत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. वेगळा भरलेला नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू झिरपतो, एवढाच फायदा.

कमी हवेचा खरा धोका सलग वेगात दिसतो. समृद्धी महामार्गावर कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. त्या वेगात हॅचबॅकचं चाक सेकंदाला सुमारे सतरा वेळा फिरतं. म्हणजे साइडवॉलचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा दबतो आणि सरळ होतो. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन मुरते. हवा कमी असली की वाकणं वाढतं, उष्णता वाढते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फुटतो.

पावसात दाबाचं महत्त्व आणखी वाढतं. नासाच्या लँग्ली केंद्रातले वॉल्टर होर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३मध्ये विमानांच्या टायरवरून एक सूत्र मांडलं. टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. खाचांना उपसता येणार नाही इतकं पाणी साचलं असेल, तर या सूत्रानुसार ३३ पीएसआयचा टायर ताशी सुमारे ९६ किलोमीटरला रस्ता सोडतो आणि २५ पीएसआयचा ८३लाच. कारच्या टायरची रुंदी आणि खाचा यांनी हे आकडे बदलतात, पण दिशा तीच राहते. मऊ टायर पावसात जास्त धरतो, हा समज घातक आहे.

आपला आकडा शोधताना

मोठी रिम आणि कमी उंचीचे टायर घातले असतील, तर स्टिकर पुरेसा ठरेलच असं नाही. युरोपीय मानकांनुसार साधा टायर आपला पूर्ण भार ३६ पीएसआयला पेलतो आणि ‘एक्सएल’ टायरला त्यासाठी ४२ लागतात. म्हणून टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मागून घ्यावा. अशा टायरची साइडवॉल आखूड असते. हवा कमी असताना खड्डा लागला, तर ती रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेंगरते आणि तिला फुगा येतो. फुगा आलेला टायर बदलावाच लागतो.

रोजच्या गाडीसाठी सुरुवात स्टिकरपासून करावी. स्वतःचं चांगलं मीटर घ्यावं, सकाळी थंड टायर मोजावेत आणि बदल करायचाच असेल तर तो वरच्या बाजूला, एका वेळी एक पीएसआय. स्टिकरवरच्या आकड्याखाली जाऊ नये. बंदिस्त ट्रॅकवर चालवणारे लोक टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढतात आणि फेरीनंतर ती कुठवर पुसली गेली ते पाहतात. रेघ साइडवॉलपर्यंत पुसली असेल, तर टायर जास्त कलंडतो आहे, हवा वाढवायला हवी. खांद्यावरची रेघ तशीच राहिली, तर हवा जास्त आहे. तिथे दाब गरम टायरचा पाहून ठरवतात. घरी परतण्याआधी तो पुन्हा स्टिकरवर आणणं विसरायचं नसतं.

गाडी अधिक चपळ व्हावी म्हणून अनेक जण रुंद टायर, मोठ्या रिम आणि आखूड स्प्रिंग यांवर हजारो रुपये घालतात. त्याआधी महिनाभर पुढचा आणि मागचा दाब काटेकोर पाळून गाडी चालवून पाहावी. अभियंत्यांनी जशी गाडी घडवली होती, तशी ती बऱ्याच मालकांना तेव्हाच पहिल्यांदा चालवायला मिळेल.