पैसे आपले, खाते कुणाचे?

साताऱ्यात फ्लॅट घेताना माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या आपाने, बिल्डरच्या हातावर निम्मी रक्कम ठेवली. मिळाली ती साधी पावती. करारनामा पुढच्या महिन्यात, असा शब्द होता. तो महिना उजाडलाच नाही. पावती मात्र आपा अजून कुराणशरीफच्या शेजारी जपून ठेवते.

वास्तविक एवढी रक्कम घ्यायला कायद्याची मुभाच नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यानुसार करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेता येत नाही. २०१६ च्या रेराने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. शिवाय ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चायचे. जितके काम झाले त्या प्रमाणातच पैसे काढायचे. तेही अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांच्या दाखल्यावर. म्हणजे साताऱ्याच्या ग्राहकाचा पैसा सांगलीच्या इमारतीत मुरवता येत नाही.

मेख पुढे आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडे सातारा-सांगलीत अशा इमारती गल्लोगल्ली. तिथे जुना मोफाच कामी येतो. आगाऊ रक्कमच नव्हे, तर सोसायटीचे भागभांडवल, घरपट्टी, पाणीपट्टी यांसाठी घेतलेला पैसाही बिल्डरने स्वतंत्र खात्यात ठेवावा आणि त्याच कामी वापरावा, असे तो सांगतो.

आपाची इमारत सहा फ्लॅटची. २० टक्क्यांची अट तिलाही होती. आम्ही ती वाचली पैसे दिल्यानंतर.