पाच प्रदेश, एकसारखी पानं... मग पुरावा किती?

आपल्याकडच्या झाडांचं वेळापत्रक साधारण ठरलेलं आहे. जून ते सप्टेंबर पाऊस, त्याच काळात ऊब, म्हणून वाढ. मग कोरडा हिवाळा आणि त्यामागून भाजून काढणारा उन्हाळा. आता यात एकच बदल करून बघा: पाऊस उचलून थंडीत ठेवा. म्हणजे पाणी असतं तेव्हा ऊब नसते आणि ऊब असते तेव्हा पाणी नसतं. हे झालं भूमध्य प्रकारचं हवामान.

हे हवामान जगात पाच ठिकाणी आढळतं. भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केप प्रांत आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य व दक्षिण भाग. साधारण 30 ते 40 अक्षांशांच्या दरम्यान, बहुतेक खंडांच्या पश्चिम बाजूला. या पाचांची मिळून जमीन जगाच्या 2 टक्क्यांच्या आसपास, पण संवहनी वनस्पतींच्या जवळपास एक पंचमांश जाती तिथे आहेत. प्रत्येक ठिकाणच्या झुडपी रानाला वेगळं नाव आहे: माकी, चॅपरल, मातोराल, फिनबॉस, क्वोंगन. नावं वेगळी, पण फोटो शेजारी शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येणार नाही कोणता कुठला. सगळीकडे कमरेएवढी-डोक्याएवढी सदाहरित झुडपं आणि लहान, चिवट, चामड्यासारखी पानं. अशा पानांसाठी शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1898 च्या ग्रंथात ‘स्क्लेरोफिल’ हा शब्द वापरला आणि तो रुळला.

सरळ दिसणारं उत्तर

वेगवेगळ्या खंडांवर, वेगवेगळ्या कुळांतल्या झाडांची पानं सारखी कशी? पहिलं उत्तर सोपं वाटतं. हवामान सारखं, अडचण सारखी, म्हणून उपायही सारखा. याला आपण अभिसारी उत्क्रांती म्हणतो. जाड पान पाणी कमी झालं तरी लुळं पडत नाही, आणि पहिला पाऊस येताच कामाला लागतं. नवं पान काढण्याचा खर्च वाचतो.

1970 च्या दशकात आंतरराष्ट्रीय जैविक कार्यक्रमाखाली हॅरल्ड मूनी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि चिली यांची नेटाने तुलना केली. साम्यं भरपूर सापडली. पण 1978 मध्ये कोडी आणि मूनी यांनी जो आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच अभिसरणासोबत ‘अभिसरण नसणं’ हेही होतं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर तो दुसरा शब्द वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी गंमत तिथेच आहे.

पहिली शंका: हे पाण्यामुळे की मातीमुळे?

केप आणि नैऋत्य ऑस्ट्रेलियातली जमीन अतिशय जुनी आणि धुपून निघालेली. फॉस्फरस नावापुरता. अशा जमिनीत सूर्यप्रकाशातून कार्बन मिळवणं सोपं, पण प्रथिनांसाठी लागणारी पोषकद्रव्यं मिळवणं महाग. मग झाड काय करतं? स्वस्त कार्बनचे धागे वापरून टिकाऊ पान बांधतं आणि ते वर्षानुवर्षं वापरतं. म्हणजे चिवट पान हे दुष्काळाचं नाही, तर गरीब मातीचंही लक्षण असू शकतं. लव्हलेस आणि बीडल यांनी 1960 च्या दशकात हा मुद्दा मांडला होता.

या दोन प्रदेशांत प्रोटिएसी कुळ जोरात आहे. त्यांची मुळं बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दाट झुपके करतात आणि सेंद्रिय आम्लं सोडून मातीला चिकटलेला फॉस्फरस सोडवून घेतात. पण सावध! केप आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे अशी मुळं दिसली म्हणून ‘दोन स्वतंत्र पुरावे’ म्हणता येत नाहीत. कूळ एकच आहे. आपल्या रस्त्यांकडेचा सिल्व्हर ओकही याच कुळातला. तो पूर्व ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळी पावसाच्या पट्ट्यातला, तरी त्यालाही अशी मुळं येतात.

दुसरी शंका: आधी कोण आलं, पान की हवामान?

परागकणांच्या पुराव्यावरून सुक यांनी 1984 मध्ये दाखवलं की युरोपात कोरड्या उन्हाळ्याची लय सुमारे 32 लाख वर्षांपूर्वी सुरू झाली. उत्क्रांतीच्या मानाने ही कालचीच गोष्ट. ऑलिव्हसारख्या झाडांचे वंश त्याहून कितीतरी जुने.

1992 मध्ये कार्लोस हेरेरा यांनी दक्षिण स्पेनमधल्या झाडाझुडपांचे वयानुसार दोन गट केले. जुन्या वंशांत चिवट पानं, लहान फुलं, गरदार फळं एकत्र दिसली. नव्या हवामानात फोफावलेल्या लॅव्हेंडर, सिस्टस वगैरे गटात यातलं बरंचसं नव्हतं. ज्यांना आपण ‘भूमध्य हवामानाचे नमुने’ म्हणतो, ते मुळात त्या हवामानाचे नव्हतेच! 2004 मध्ये अॅकर्ली यांनी कॅलिफोर्नियाच्या चॅपरलसाठी वंशवृक्ष वापरून पाहिलं, तर बहुतेक वंशशाखांत पानाचा जाडपणा आधीपासून असल्याचं दिसलं.

घरातलं उदाहरण हवं? महाबळेश्वरच्या जंगलातला पारजांब हा ऑलिव्हच्याच प्रजातीतला. धो धो पावसात राहतो, आणि त्याचीही पानं सदाहरित, चामड्यासारखी. म्हणजे हवामानाने पान घडवलं असं नाही. ज्यांच्याकडे तसं पान होतं, ते गाळणीतून पुढे गेले. घडवणं वेगळं आणि गाळणं वेगळं. 1982 मध्ये गूल्ड आणि व्हर्बा यांनी आधीच असलेलं लक्षण नव्या कामी येण्याला ‘एक्झॅप्टेशन’ हा शब्द दिला, तो इथे चपखल बसतो.

हा फरक कागदापुरता नाही

आगीचं बघा. चॅपरलमधल्या कित्येक झुडपांचं बी उष्णतेने कवच फुटल्यावरच रुजतं. केपमध्ये 1990 साली डी लांगे आणि बाउचर यांनी दाखवलं की नुसत्या धुरानेही बी जागं होतं. 2004 मध्ये धुरातलं ते रसायन सापडलं. त्या गटाला पुढे ‘कॅरिकिन’ नाव मिळालं, नूंगार भाषेतल्या धुराच्या शब्दावरून.

चिलीत मात्र अँडीज पर्वत उन्हाळी वादळं अडवतो, त्यामुळे विजेने लागणाऱ्या आगी जवळपास नाहीतच. मातोरालची बरीच झुडपं बुंध्यातून पुन्हा फुटतात, पण त्यांचं बी आगीची वाट बघत नाही. उलट जळून जातं. तिथेच माणसाने कॅलिफोर्नियाचा रेडिएटा पाइन आणि ऑस्ट्रेलियाची निलगिरी मैलोन्‌मैल लावली. त्या पाइनची फळं आगीच्या उष्णतेने उघडतात. जानेवारी 2017 मध्ये मध्य चिलीत पाच लाख हेक्टरहून जास्त क्षेत्र जळलं, सांता ओल्गा हे गाव बेचिराख झालं. ‘हवामान सारखं, म्हणजे रानही सारखंच सावरेल’ असं गृहीत धरून तिथे पुनर्वसनाची योजना आखली, तर ती कुठे फसेल ते तुम्हीच सांगा.

तुमच्या प्रपोजलसाठी

‘हे लक्षण म्हणजे अमुक परिस्थितीशी अनुकूलन’ असं वाक्य लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा.

1. हे लक्षण त्या परिस्थितीच्या आधीचं की नंतरचं?
2. माझे स्वतंत्र पुरावे किती? जाती मोजू नका, ते लक्षण वंशवृक्षावर किती वेळा नव्याने आलं ते मोजा. चाळीस जातींत दिसलं, पण उगम एकच, तर पुरावाही एकच.
3. त्याच परिस्थितीसोबत आणखी काय बदलतं? माती, आग, चरणारी जनावरं?

आता सरावाला कासच्या पठारावरची सीतेची आसवं घ्या. सड्यावरची माती गरीब, आणि ही वनस्पती किडे पकडते. ‘सड्याशी अनुकूलन’ लिहायला हात शिवशिवतो ना? पण युट्रिक्युलॅरिया ही अख्खी प्रजातीच कीटकभक्षी आहे आणि जगभर पसरलेली आहे. सड्याने तिला सापळा दिला नाही. ती सापळा घेऊनच आली. सड्यावर आल्यानंतर तिच्यात काय बदललं, हा खरा संशोधनाचा प्रश्न. तुमच्या विषयातलं असं एखादं ‘सर्वांना माहीत असलेलं’ अनुकूलन शोधा आणि हे तीन प्रश्न त्याला लावून बघा. जिथे उत्तर अडेल, तिथून तुमचं प्रपोजल सुरू करा.