औषध सुरू आहे, तरी गाठ का वाढते?

मानेला गाठ येते. सुईने तपासणी होते आणि क्षयरोगाचे निदान होते. गोळ्या सुरू झाल्यावर ताप जातो, भूक लागते, वजनही वाढते. आणि दुसऱ्या महिन्यात तीच गाठ लिंबाएवढी होते, शेजारी आणखी एक दिसू लागते. ‘औषध लागू पडत नाही,’ असे घरचे म्हणतात आणि गोळ्या बंद होतात. घोटाळा होतो तो इथेच.

अनेकदा ही वाढ जंतूंमुळे नसते, शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे असते. क्षयाचे जंतू प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतात. औषधांनी ते मरू लागले की हा दाब उठतो. मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे मात्र गाठीतच पडून असतात. जाग्या झालेल्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि गाठ सुजते, दुखते, कधी फुटून पू येतो. याला ‘पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन’ म्हणजे विपरीत प्रतिक्रिया म्हणतात. अशा पुवात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसू शकतात, पण ते बहुधा मेलेले असल्याने कल्चरमध्ये वाढत नाहीत.

एचआयव्हीबाधितांमध्ये एआरटी सुरू केल्यावर प्रतिकारशक्ती झपाट्याने सावरते, त्यामुळे ही प्रतिक्रिया तीव्र होऊ शकते. म्हणूनच त्यांना क्षयाची औषधे आधी देतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर एआरटीसाठी ४ ते ८ आठवडे थांबतात.

अर्थात, वाढलेली प्रत्येक गाठ अशीच असेल असे नाही. गोळ्या चुकल्या का, जंतू औषधाला दाद देत नाहीत का, मूळ आजार लिम्फोमासारखा दुसराच तर नाही ना, हे डॉक्टरांना आधी तपासावे लागते. ही कारणे नसतील तर क्षयाच्या त्याच गोळ्या चालू ठेवतात. गरजेनुसार वेदनाशामक देतात, सुईने पू काढतात. स्टिरॉइड काही रुग्णांनाच लागते. ते मनाने घेऊ नये.

तीव्र डोकेदुखी, उलट्या, झटके, नजर अंधूक होणे किंवा धाप लागणे यांपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मेंदूतील किंवा छातीतील सूज जिवावर बेतू शकते.

गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर आजार उलटतो, उरलेले जंतू औषधांना निर्ढावू शकतात. गाठ वाढली तर डॉक्टरांना दाखवावी. गोळ्या बंद करायच्या की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे.