शस्त्र परवाना सुरक्षा प्रशिक्षण (वर्धा जिल्हा)

शस्त्र परवाना सुरक्षा प्रशिक्षण म्हणजे अग्निशस्त्र बाळगण्याचा परवाना मागणाऱ्या व्यक्तीने शस्त्राची हाताळणी, साठवण व वाहतूक यांविषयी घ्यावयाचे शिक्षण होय. भारतात शस्त्रास्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्रास्त्र नियम, २०१६ यांनी या विषयाचे नियमन होते. महाराष्ट्राच्या वर्धा जिल्ह्यासही हेच कायदे लागू आहेत. पिस्तूल वा रिव्हॉल्वर झाकून बाळगण्यासाठी अमेरिकेतील अनेक राज्यांप्रमाणे वेगळा परवाना भारतात दिला जात नाही. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यातच ते सोबत नेण्याच्या अटी अंतर्भूत असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीने १८७८ च्या कायद्याने भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध घातले. राष्ट्रीय चळवळीने या कायद्याला सातत्याने विरोध केला. महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे मांडलेल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाच्या अधीन राहून आत्मसंरक्षणासाठी अग्निशस्त्रांचे परवाने द्यावेत, अशीही एक मागणी होती. पुढे १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे वास्तव्यास आले. स्वातंत्र्यानंतर जुना कायदा रद्द होऊन १९५९ चा अधिनियम करण्यात आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. अर्जदाराच्या प्रशिक्षणाची तरतूद या नव्या नियमांत आहे.

परवाना प्राधिकारी

पोलीस आयुक्तालय असलेल्या नागपूर, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्त परवाना देतात. वर्धा जिल्ह्यात आयुक्तालय नसल्याने हा अधिकार जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे आहे. अर्ज आल्यावर पोलिसांकडून चौकशी अहवाल मागविला जातो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. प्रतिबंधित प्रकारच्या शस्त्रांच्या परवान्याचा विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो.

अर्जदार मानसिकदृष्ट्या अस्वस्थ असल्यास, अन्य कारणाने अयोग्य ठरल्यास किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास परवाना नाकारता येतो. मात्र पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या आदेशाविरुद्ध अपील करण्याची तरतूद आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

प्रशिक्षणात शस्त्र व काडतुसांची सुरक्षित हाताळणी, साठवण, वाहतूक, गोळी झाडण्याचे तंत्र आणि शस्त्राची निगा हे विषय येतात. प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात असते. त्याबरोबर शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही लागते. अर्जदार मादक पदार्थांच्या अधीन नाही, याचा उल्लेख वैद्यकीय प्रमाणपत्रात अपेक्षित असतो.

शस्त्रशिक्षणाचे मूलभूत नियम सर्वत्र जवळपास सारखेच आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे; नळी कोणाही व्यक्तीकडे रोखू नये; नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये; लक्ष्याच्या पलीकडे काय आहे हे पाहिल्याशिवाय गोळी झाडू नये. पिस्तुलातील काडतूसपेटी काढल्यानंतरही एक काडतूस नळीत राहू शकते. ‘रिकामे’ समजलेल्या पिस्तुलातून गोळी सुटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे काडतूसपेटी काढून नळी प्रत्यक्ष तपासण्याची सवय लावणे हा प्रशिक्षकाच्या कामाचा महत्त्वाचा भाग ठरतो. प्रशिक्षकाला नेमबाजी येणे पुरेसे नसते. विद्यार्थ्याची चूक वेळीच ओळखणे आणि गोळीबाराच्या मैदानावर शिस्त राखणे हीदेखील त्याची जबाबदारी असते.

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही परवान्यासाठीची एक अट आहे. ते मिळाल्याने परवान्याचा हक्क प्राप्त होत नाही. अंतिम निर्णय परवाना प्राधिकाऱ्याचाच असतो.

शस्त्र सोबत नेण्याचे नियम

सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्वर अंगावरील म्यानात किंवा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या प्रभावी नियंत्रणात असावे लागते. म्हणजेच शस्त्र झाकून नेणे ही भारतात खास सवलत नसून परवानाधारकाचे कर्तव्य आहे. शस्त्राचे प्रदर्शन करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार लग्न, मिरवणूक अशा प्रसंगी बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे आनंदाचा गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

परवाना म्हणजे शस्त्र वापरण्याची मोकळीक नव्हे. आत्मसंरक्षणासाठी बळाचा वापर कितपत न्याय्य होता, हे भारतीय न्याय संहितेतील खाजगी संरक्षणाच्या तरतुदींनुसार ठरते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

वर्धा जिल्ह्यातील विशेष बाबी

जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प असून रानडुक्कर व रोही यांच्यामुळे शेतपिकांचे नुकसान हा शेतकऱ्यांपुढील नेहमीचा प्रश्न आहे. पीकसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु अशा परवान्यामुळे वन्यप्राणी मारण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. या अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी आपली नोंदणी वनखात्याकडे करावी लागते. या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती आवश्यक असते. विनापरवानगी शस्त्र घेऊन अभयारण्यात जाण्यासही मनाई आहे.

इतर देशांतील पद्धती

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. इलिनॉय राज्यात झाकून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी १६ तासांचे प्रशिक्षण लागते. न्यू यॉर्कने २०२२ मध्ये १६ तासांचे वर्गशिक्षण आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबार बंधनकारक केला. याउलट टेक्सासने २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तींना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्यास मुभा दिली असून निम्म्याहून अधिक राज्यांत आता अशी मुभा आहे. तेथे परवाना ऐच्छिक झाल्याने प्रशिक्षणही बहुतांशी ऐच्छिक बनले आहे. भारतात मात्र परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे हाच गुन्हा असल्याने प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि पोलीस चौकशी हे तिन्ही टप्पे शस्त्र हाती येण्यापूर्वीचे आहेत.